झाडायची नसलेली पानं

आमच्या गल्लीत ऑक्टोबर लागला की पालिकेची गाडी येते आणि फुटपाथच्या कडेला जाळीचे मोठाले पिंजरे ठेवून जाते. आपल्या दारासमोरचा पाला ज्याचा त्याने त्यात टाकायचा. गल्लीतली ओकची झाडं म्हातारी आहेत, पाला अमाप पडतो. पिंजरा भरत आला की शेजारचा लामर्ट कुंपणावरून डोकावायचा आणि म्हणायचा, "शेजारीणबाई, वरून दाबा जरा. पाला पोरांसारखा असतो, दाबला की दुप्पट मावतो."

"पोरं दाबल्यावर काय होतं ते आमच्या घरी येऊन बघा," मी म्हणायचे.

लामर्टने सगळी नोकरी पालिकेच्या बागखात्यात काढली. उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात छाटणी आणि पानगळीत पाला. शाळांना पानगळीची सुट्टी लागली की अर्धं गाव गाड्यांना सायकली बांधून निघायचं. कुणी जर्मनीच्या डोंगरात, कुणी बेल्जियमच्या जंगलात, झाडांचे रंग बघायला. लामर्ट तेव्हा पाठीवर पाला उडवायचं यंत्र अडकवून चर्चमागच्या बीचच्या झाडांच्या रांगेत उभा असायचा. त्या दिवसांत रजा मागायची सोयच नव्हती. ओल्या पानांवरून एखादी म्हातारी सायकलसकट घसरली की दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा पालिकेच्या दारात हजर.

"लोक पैसे देऊन पानं बघायला जातात," तो म्हणायचा. "मला पालिका वर पैसे देते, तरी मला ती बघवत नाहीत."

निवृत्तीच्या दिवशी केक कापून झाल्यावर कुणीतरी विचारलं, आता पुढे काय? तो म्हणाला, "एकदा ऑक्टोबरात परदेशी जाणार. जी मला झाडायची नाहीत अशी पानं बघणार." सगळे हसले. त्याची बायको रूली तेवढी हसली नाही. नवऱ्याने आयुष्यात मागितलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट होती, आणि रूली विसरणाऱ्यातली नव्हती.

रूली गावच्या वाचनालयात नोकरीला होती. मी या गल्लीत नवी आले तेव्हा तिला 'तुम्ही' म्हणायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही काय म्हणतेस? मी काय नगराध्यक्ष आहे?" तेव्हापासून तू. दहा वाजता तिच्याकडे कॉफी, कॉफीबरोबर एक बिस्कीट, आणि डबा लगेच बंद. दुसरं बिस्कीट मिळालं तर समजायचं की काहीतरी बिघडलंय. माझी मुलगी मिर्थे लहानपणी तापाने फणफणली होती तेव्हा मला दुसरं मिळालं होतं. लामर्टच्या डोळ्यांचं समजलं त्या दिवशी रूलीने डबा उघडाच ठेवला होता.

डावा डोळा आधीच गेला होता. हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता. तोही हळूहळू आपलं डोकं वळवून घ्यायला शिकला होता. त्या वसंतात उजव्यातही तेच सुरू झालं. ग्रोनिंगन शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "नजरेचा मधला भाग जाणार. कडेचं थोडं राहील. कधी ते सांगता येत नाही, पण या हिवाळ्याच्या पुढे मी तरी काही ठरवणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. सरळ रेषा वाकडी दिसली, मध्ये काळं आलं, तर त्याच दिवशी फोन करायचा. आत रक्त साकळलं तर इंजेक्शन वेळेवर पडायला हवं. उशीर झाला तर उपयोग नाही."

घरी येताना गाव जवळ आल्यावर लामर्ट म्हणाला, "म्हणजे ऑक्टोबर सापडतो अजून."

रूलीने ठरवायला घेतलं. आमच्याकडे सख्ख्या बहिणीकडे जेवायला जायचं तरी महिनाभर आधी ठरतं. ही तर नवऱ्याच्या डोळ्यांची शेवटची सहल. ओक, बीच नको, कारण ते त्याने जन्मभर झाडलेत. मेपल नको, भडक असतो, लामर्टला भडक आवडत नाही. शेवटी तिला लार्च सापडला. दिसायला देवदारासारखा, अंगावर पानांऐवजी सुया, पण हिवाळ्याआधी हा वेडा पिवळाजर्द होतो आणि सगळ्या सुया गाळून उघडा उभा राहतो. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरच्या डोंगर लार्चचे.

"सुया?" लामर्ट म्हणाला. "म्हणजे झाडायलाच नकोत. जागच्या जागी मातीत मुरतात. हे झाड पालिकेच्या माणसाने बनवलेलं दिसतंय."

एका तळ्याकाठच्या गावात तिने हॉटेल बघितलं. त्याच्या गच्चीवर कॅमेरा होता. इथे बसून टॅबवर तिथला डोंगर दिसायचा. झालं, ऑगस्टपासून आमची दहाची कॉफी त्या डोंगराकडे तोंड करूनच. लामर्टला टॅबवरचं बारीक काही दिसत नव्हतं, म्हणून रूली त्याला वाचून दाखवल्यासारखी सांगायची. वाचनालयात चाळीस माणसांना गोष्टी वाचून दाखवायची तिला सवय. सांगण्यात रंग भरायची.

"चर्चचा मनोरा आहे. टोकाला कोंबडा. त्याच्या डाव्या अंगाला तीन झाडं रांग मोडून पुढे आलीत, शाळेच्या फोटोत उनाड पोरं येतात तशी. वर गोठा आहे, त्याचं छप्पर एका बाजूने खचलंय."

"कुणाचा गोठा? दुरुस्त नाही करत?"

"मला काय ठाऊक कुणाचा!"

"आणि रंग?"

"हिरवाच अजून."

सप्टेंबर संपता संपता ती एक दिवस ओरडलीच. "वरच्या अंगाला पिवळं दिसतंय! अगदी वर. कुणीतरी पिवळ्या मोहरीचं फुटकं पोतं खांद्यावर घेऊन डोंगर उतरतंय, तसं खाली सांडत येतंय."

लामर्ट डोळे मिटून ऐकत होता. "मग जाऊ या," तो म्हणाला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे आकाश काचेसारखं होतं. खोलीही रिकामी होती. मी म्हटलं, "रूली, जाऊन या. थांबू नका." मला काळजी करायला कारण लागत नाही, मिर्थे शाळेतून यायला जरा उशीर झाला तरी मी मनातल्या मनात तिच्या वाटेवरचे कालव्याचे पूल मोजते. पण इथे तर कारण होतं.

"गावापर्यंत पिवळं आलेलं नाही," रूली म्हणाली. "अर्धा डोंगर हिरवा आहे. हिरवी झाडं बघायला का स्वित्झर्लंडला जायचं? हिरवी त्याने पुष्कळ बघितली. एक आठवडा. रात्रीचा गारठा पडला की सगळा डोंगर एकदम पेटेल, तिथल्या माहितीत लिहिलंय. एकदाच जाणार आहोत, तर पूर्ण बघू दे त्याला."

लामर्ट म्हणाला, "ती वाचनालयवाली आहे. अर्धं पुस्तक ती कुणाला देत नाही."

आठवड्याने ती दोघं गेली. गाडी रूलीच चालवत होती. मी वाटेसाठी उकडलेली अंडी आणि चीजचे ब्रेड बांधून दिले आणि मिर्थेने लामर्टला आपली दुर्बीण दिली. तो म्हणाला, "हिच्यातून मला निदान दुर्बीण तरी दिसेल."

पहिल्या संध्याकाळी रूलीचा संदेश आला: पोचलो, धुकं आहे, उद्या उठेल. दुसऱ्या संध्याकाळी: आज धुकं, उद्या नक्की. मी इथे टॅबवर त्या गच्चीवरचा कॅमेरा लावायची, तर पडद्यावर पांढरं, नुसतं पांढरं. मनोऱ्यावरचा कोंबडासुद्धा नाही.

पुढचं मला रूलीने सांगितलं, ती परत आल्यावर, बिस्किटांचा डबा उघडा ठेवून.

आमचा मुलूख पाटासारखा सपाट. आमच्याकडे हवा आडवी येते आणि आडवीच जाते. धुकं पडलं तर बसून राहायचं. कॉफीच्या वेळेपर्यंत नाहीतर जेवणापर्यंत समुद्राकडून वारा येतो आणि ते उचलून जर्मनीत नेऊन टाकतो. हवेला मजले असतात, हे आमच्यापैकी कुणाला कुणी शिकवलेलं नाही. रूली आणि लामर्ट न्याहारी करून खिडकीशी बसायची. जेवायला उठायची. पुन्हा येऊन बसायची. खिडकीबाहेर एक कठडा, कठड्यावर कुंडी, कुंडीपलीकडे जग संपलेलं.

हॉटेलातली बाकीची माणसं मात्र रोज सकाळी टोप्या घालून, काळे चष्मे डोक्यावर चढवून बाहेर पडायची.

रूलीने ते लामर्टला सांगितलं, तेव्हा तो एवढा हसला की त्याच्या कपातली कॉफी सांडली. "धुक्यात काळे चष्मे! रूली, मी समजत होतो इथे मीच आंधळा."

हॉटेलची मालकीणबाई रोज सकाळी टेबलाशी येऊन बोटाने छताकडे दाखवायची. "वर जा. रोपवे घ्या. वर छान आहे."

"वर म्हणे छान आहे," रूली आमच्या भाषेत लामर्टला म्हणायची, तोंडावरचं हसू न हलवता. "खाली हाताला हात दिसत नाही आणि ही वर धाडतेय. रोपवे हिच्या दिराचा असणार."

"तिकीट केवढ्याचं?"

रूलीने सांगितलं.

"एवढे पैसे भरून दुधात पोहायचं? नको. स्वच्छ दिवस निघेल तेव्हा जाऊ. तोवर राखून ठेव."

कुणी आग्रह केला की आम्हाला विक्रीचा वास येतो. तो आमच्या रक्तातच आहे. माझी आई दुकानदाराने 'घ्या हो' म्हटलेली वस्तू कधीच घेत नसे. मालकीणबाई जेवढं सांगे तेवढी रूली जास्त आक्रसून बसे. आणि खरं सांगायचं तर तिला गाडी घेऊन वर जायचीही धास्ती होती. घाटाची वळणं तिने तोवर फक्त चित्रात बघितली होती.

स्वच्छ दिवस निघाला नाही. धुकं असल्याने बोलायला मात्र निवांत वेळ होता, असं रूली म्हणाली. लग्नाआधी बर्फ पडल्याने बंद पडलेल्या एका बसमध्ये ती दोघं रात्रभर अडकली होती, त्यानंतर इतका वेळ सलग शेजारी कधी बसलीच नव्हती. बुधवारपासून लामर्ट जरा कमी बोलत होता. तिला वाटलं, कंटाळला.

शनिवारी खोली सोडली. मालकीणबाईने बिल देताना विचारलं, "वर नाही गेलात?" रूली म्हणाली, "पुढच्या वेळी." बाईने मान हलवली, आपण दुसऱ्याच्या वेड्या पोराकडे बघून हलवतो तशी.

महामार्गावरचा बोगदा त्या सकाळी बंद होता. आत दोन ट्रक एकमेकांना घासले होते. पिवळं जाकीट घातलेला पोलीस सगळ्या गाड्यांना हाताने बाजूच्या रस्त्यावर वळवत होता. रस्ता घाटाचा. रूलीने काच खाली करून त्याला सांगितलं, "मला नाही येत अशा रस्त्याने." तो म्हणाला, "समोरच्या गाडीचे दिवे बघत जा." मागून भोंगे वाजायला लागले.

ती गेली. दोन्ही हातांनी चाक धरून, दुसऱ्या गिअरमध्ये, समोरच्या लाल दिव्यांवर नजर रोवून. एक वळण, दुसरं वळण. लामर्ट शेजारी म्हणत होता, "छान जमतंय, छान जमतंय," जसं तो कधीकाळी मिर्थेला सायकल शिकवताना म्हणायचा. मग एका वळणावर धुकं पातळ झालं, आणि पुढच्या वळणावर ते नव्हतंच.

रूली म्हणाली, "माझ्या पायाने आपोआप ब्रेक दाबला."

वर निळं आकाश होतं. ऊन इतकं की तिला डोळ्यांवर हात धरावा लागला. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, वर दगड सुरू होईपर्यंत, सगळा डोंगर पिवळा. खाली दरीत धुकं असं पसरलं होतं जसं उतू गेलेलं दूध गोठावं. त्याच्या तळाशी कुठेतरी ते गाव, ते हॉटेल आणि ती खिडकी. तिथल्या घाटमाथ्यावर बंद पडलेली एक चहाकॉफीची टपरी आणि लाकडी बाक होता, बाकी फक्त झाडं. बाकावर दोन म्हातारी माणसं काळे चष्मे लावून सफरचंद खात बसली होती. तिने विचारलं, आज आकाश उघडलं का? त्यांनी आश्चर्याने तिच्याकडे बघितलं. "आठवडाभर असंच आहे," ती माणसं म्हणाली. "तुम्ही कुठे होतात?"

तिने लामर्टला हात धरून उतरवलं. "बघ. लामर्ट, बघ."

तो उभा राहिला. हळूहळू इकडून तिकडे मान फिरवली. बराच वेळ फिरवली. म्हणाला, "सुंदर आहे, रूली. फारच सुंदर आहे." मग खाली वाकून त्याने जमिनीवरच्या सुया ओंजळीत घेतल्या आणि त्या गळू दिल्या.

पोलिसाने थांबू नका म्हणून सांगितलं होतं. मागच्या गाड्या साचत होत्या. ती दोघं निघाली, घाट उतरून पुन्हा धुक्यात.

"मी त्याला सांगितलं नाही," रूली मला म्हणाली. "की हे आठवडाभर आपल्या डोक्यावर होतं. ती बाई खरं सांगत होती. मी म्हटलं, आजच उघडलंय. आपल्यासाठीच उघडलंय. तू कधी बोलू नकोस हं त्याच्यापाशी."

रविवारी सकाळी, आपल्या घरी, लामर्टने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "रूली, दाराची चौकट वाकडी दिसतेय. मध्ये काळं आहे." तिने तिथल्या तिथे फोन केला. सुट्टीच्या दिवशी ग्रोनिंगनला गेली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पुष्कळ वेळ बघितलं.

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."

"नक्की?"

"उठलो तर असं."

त्यांनी इंजेक्शन दिलं. पुढेही दिली. उपयोग झाला नाही.

"पण बघ," रूली मला म्हणाली, आणि या बोलण्यावर तिचे डोळे भरून आले, "एक दिवस. देवाने त्याला एक दिवस जास्त दिला. शनिवारी त्याने बघितलं आणि रविवारी गेलं. मी आठवडाभर वाया घालवला, पण तेवढं देवाने राखून ठेवलं आमच्यासाठी."

मी तिचा हात धरला. मलाही ते खरं वाटलं.

नोव्हेंबरात एकदा सकाळी आमच्याकडचंच धुकं पडलं होतं. मिर्थे सायकलवरून शाळेला निघाली, आणि तिचा मागचा लाल दिवा दिसेनासा झाल्यावरही मी फुटपाथवर उभी होते. लामर्ट खराटा घेऊन बाहेर आला. दारासमोरचा पाला तो आता अंदाजाने काढायचा. मध्ये पट्टे राहायचे.

"गेली का पोरगी?"

"गेली. धुकं आहे."

"उठेल कॉफीपर्यंत." तो पिंजऱ्याला टेकला. मग म्हणाला, "शेजारीणबाई, मिर्थे सायकलवरून पडली तर घरी येऊन सांगते?"

"छे. गुडघा दिसतो तेव्हा कळतं."

"का नाही सांगत?"

"मी काळजी करते म्हणून."

"तेच," तो म्हणाला.

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण तो बोलत राहिला. बुधवारी न्याहारीच्या वेळी खिडकीबाहेरचा कठडा मध्येच मोडल्यासारखा दिसला. संध्याकाळपर्यंत कुंडी गेली. धुक्यामुळे रूलीच्या लक्षात आलं नाही. तिलाही काही दिसत नव्हतं, त्यालाही नाही. सांगितलं असतं तर तिने त्याच रात्री गाडी काढून घर गाठलं असतं. आणि मग जन्मभर स्वतःला खात बसली असती, की पहिल्या आठवड्यात का नाही गेलो, पूर्ण पिवळं होण्याची वाट का बघितली.

"पण डॉक्टरांनी सांगितलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "त्याच दिवशी फोन करा म्हणून. लामर्ट, इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तर!"

"मिळालं असतं तर कदाचित. मला वाटलं, गुरुवारी ऊन पडेल. मग शुक्रवारी पडेल. कडेकडेने का होईना दिसेल, तिला बरं वाटेल, मग सांगू."

"आणि घाटात? काहीच दिसलं नाही?"

त्याने विचार केला. तो खोटं बोलत नसे. तेवढा एक आठवडा सोडला तर.

"पिवळं होतं. कुणीतरी पिवळ्या चादरी वाळत घातल्यात, असं काहीतरी. झाड नव्हतं." खराट्याने त्याने पायाशी चाचपलं. "ऊन लागलं तोंडाला, तेव्हा कळलं की आपण वर आलोय. मग ते काळे चष्मे आठवले. मी पालिकेतला, पण एवढं मलाही कळतं. ते ऊन तिथे आठवडाभर होतं, नाही का?"

मी पिंजऱ्यातला पाला वरून दाबायला लागले.

"तिला बोलू नका," तो म्हणाला. "तिला वाटतंय मला अजून ठाऊक नाही."

रूलीचा वाढदिवस त्याच महिन्याच्या अखेरीस. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे भिंतीलगत गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, आल्या आल्या सगळ्यांशी हात मिळवून सगळ्यांचं अभिनंदन, एकेक केकचा तुकडा, आणि मग मांडीवर बशी ठेवून बसायचं. तिच्या दोन बहिणी आल्या होत्या, लामर्टच्या जुन्या खात्यातले एकदोघं, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, मी आणि मिर्थे. लामर्ट खिडकीजवळच्या खुर्चीत, नीट भांग पाडून, आवाजाकडे मान वळवत.

"मग काय, शेवटी बघितलीस ना पानं?" खात्यातला एकजण त्याला म्हणाला. "आम्ही इकडे तुझ्या वाटणीचा पाला उपसत होतो."

"बघितली ना," रूलीच म्हणाली. तिच्या हातात केकची सुरी होती. "शेवटच्या दिवशी, पण बघितली. लामर्ट, सांग ना त्यांना कसं होतं. तूच सांग."

लामर्टने बशी बाजूला ठेवली.

"आधी ऊन शेंड्यांना लागतं," तो म्हणाला. "खाली अजून सावली असते. मग ते एकेक फांदी खाली उतरतं, आणि झाड आतून पेटल्यासारखं दिसतं. रंग म्हणाल तर पिवळ्या मोहरीचा. कुणीतरी फुटकं पोतं खांद्यावर घेऊन डोंगर उतरलंय आणि वाटभर सांडत आलंय, तसा."

बेकरीवाल्याने काटा हवेतच धरला होता. मी मिर्थेकडे बघितलं. तीही तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

"गावचं चर्च आहे," लामर्ट सांगत होता, "मनोऱ्यावर कोंबडा. त्याच्या डाव्या हाताला तीन झाडं रांग मोडून पुढे आलेली, फोटोत उनाड पोरं येतात तशी. आणि वर एक गोठा. छप्पर एका बाजूने खचलंय. मी म्हटलं, दुरुस्त का नाही करत कुणी."

घाटात चर्च नव्हतं. गोठाही नव्हता. बंद टपरी होती आणि एक बाक होता; रूलीनेच मला सांगितलं होतं. मी मान वर करून तिच्याकडे बघायला घाबरत होते, पण बघितलं.

ती सुरी हातात धरून उभी होती. सुरीच्या पात्याला लागलेली मलई तिच्या मनगटावर ओघळली तरी तिला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर मला एकेक गोष्ट पोचताना दिसली. चर्च. बुधवारपासूनचं गप्प बसणं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलेलं, नक्की? मग तिने लामर्टकडे बघितलं. तो तिच्या दिशेला, पण जरा उजवीकडे, आमच्या मिर्थेच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत हसत होता.

"असंच होतं ना, रूली?"

"हो," ती म्हणाली. "अगदी असंच होतं."

"आणि मुख्य म्हणजे," लामर्ट खात्यातल्या मंडळींकडे वळून म्हणाला, "झाडायला कुणी नव्हतं."

सगळे मोठ्याने हसले. रूली केक कापायला लागली. सगळ्यांचा एकेक तुकडा वाढून झाल्यावर ती पुन्हा फिरली आणि कुणी न मागता प्रत्येकाच्या बशीत दुसरा तुकडा ठेवत गेली.